स्मृतिवन आणि मनुष्यऋण

दहशतवादी हल्ल्यात जीव गेलेल्यांसाठी बाग करावी की नाही, हा प्रश्न वरवर जागेचा आणि पैशांचा दिसतो. मुळात तो धर्माचा आहे. देह अग्नीला द्यावा, अस्थी पाण्यात सोडाव्यात आणि तेराव्यानंतर घराने पुन्हा कामाला लागावे, ही बहुतेक हिंदू मराठी घरांतली रीत. आत्म्याला मरण नाही, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. मग गेलेल्यांसाठी जमीन राखून ठेवायला आधार कोणता?

सोलापूर जिल्ह्यात त्याचे एक उत्तर दगडात आहे. गावोगावी देवळाजवळ किंवा वेशीपाशी वीरगळ सापडतात. सर्वांत खाली लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लढून मेलेल्याला परंपरेने जागा दिली आहे. ती रीत आजही चालू आहे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात 166 जणांचा बळी गेला. त्यांत माढा तालुक्यातील सुलतानपूरचे, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान राहुल शिंदे होते. ताजमहाल हॉटेलात सुरुवातीला शिरलेल्या पोलिसांपैकी ते एक. त्यांना मरणोत्तर राष्ट्रपती पोलीस पदक मिळाले, गावात स्मारक झाले आणि पुढे गावाने राहुलनगर हे नाव घ्यायचे ठरवले.

पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बोचकी-पिशव्या घेऊन गाडीची वाट पाहत बसलेल्यांचे काय? सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेसही रात्री याच स्थानकातून सुटते. तिथे मेलेल्या प्रवाशांनी शस्त्र उचलले नव्हते, मरण पत्करले नव्हते. वीरगळाच्या चौकटीत त्यांना बसवता येत नाही.

मंगळवेढ्याची एक कथा इथे फार मोलाची आहे. तिथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी झाली, असे परंपरा सांगते. कथा ऐकताना मन चोखोबांपाशी थांबते, ते योग्यच आहे. परंतु त्याच ढिगाऱ्याखाली मेलेल्या बाकीच्या मजुरांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. संत आणि वीर लक्षात राहतात. नुसता माणूस विसरला जातो.

तरीही शास्त्राने त्याला पुरते वाऱ्यावर सोडलेले नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात शस्त्राने किंवा अपघाताने मेलेल्यांचे श्राद्ध दिलेले असते. तर्पणात, ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही अशांसाठीही ओंजळ सोडली जाते. म्हणजे तिथी आहे, पाणी आहे. सर्वांची अशी जागा मात्र नाही. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. स्मृतिवनाचा खरा आधार या चौथ्या ऋणात आहे. मृताला गती मिळावी म्हणून ही बाग लावायची नाही. शेजारचा माणूस केवळ तिथे होता म्हणून मारला गेला, त्याचे देणे जिवंतांकडे राहिले, म्हणून ती लावायची.

हे देणे झाडांच्या रूपाने फेडण्यालाही आधार आहे. विहीर, तलाव, बाग यांना धर्मशास्त्र पूर्तकर्म म्हणते. ते सर्वांसाठी असते, जात-गोत्र विचारत नाही. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याचे ते दान ठरते, असे इस्लामची हदीस परंपरा मानते. सोलापूरसारख्या शहरात दोन्ही समाजांना एका कुंपणाच्या आत आणणारा हा विचार आहे. माद्रिदमध्ये 11 मार्च 2004 च्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर रेतिरो उद्यानात 192 सरू आणि ऑलिव्हची झाडे लावली गेली, बळी गेलेल्या प्रत्येकामागे एक.

सोलापुरात भुईकोट किल्ल्यालगत हुतात्मा बाग आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे या शहराचे चार हुतात्मे. त्यांच्यापुढे ध्येय होते. हल्ल्यातल्या बळींवर तसे ध्येय मागाहून लादू नये. त्यांच्या मरणाचा उपयोग कोणाविरुद्ध घोषणा लिहायलाही करू नये. ते ऋण फेडणे नव्हे, नवे कर्ज काढणे होय.

कमी पावसाच्या या जिल्ह्यात बाग दगडापेक्षा अवघड आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि कोवळे रोप पाण्यावाचून आठवडाभरातही वाळून जाते. म्हणून कडुनिंब, चिंच, वड अशी इथे तगणारी झाडे निवडावीत आणि पहिल्या उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार हे उद्घाटनाआधी ठरवावे. पाटीवर पोलीस, हमाल, प्रवासी, पाहुणा असा भेद न करता सर्व नावे एकाच मापाच्या अक्षरांत असावीत. न्यूयॉर्कच्या 9/11 हल्ल्याच्या स्मारकात नावे वर्णानुक्रमे न लावता नातलग, सहकारी, मित्र यांची जवळ-जवळ कोरली आहेत. एका घरातली एकापेक्षा जास्त माणसे गेली असतील तिथे हीच पद्धत घ्यावी. ज्याची ओळख पटली नाही, त्याच्यासाठीही त्याच रांगेत एक झाड असावे.