झोप ही श्रद्धेची कसोटी आहे काय?

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली की उशाला दगडही चालतो. वसईच्या वाड्यांत पहाटे उठून रहाट हाकणाऱ्या आणि भाजीची टोपली घेऊन मुंबईची गाडी गाठणाऱ्या आपल्या वाडवडिलांना या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. भावाच्या रागाला भिऊन घर सोडलेल्या याकोबाने तर खरोखरच धोंडा उशाला घेतला आणि त्याच रात्री त्याला स्वर्गाला भिडलेल्या शिडीचे स्वप्न पडले. आज आपल्या घरांतील उशा मऊ झाल्या आहेत; मात्र धोंडा उशाखालून निघून अनेकांच्या उरावर येऊन बसला आहे.

मुलीच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज, आखातात गेलेल्या मुलाचा न आलेला फोन, डॉक्टरांनी सुचविलेली तपासणी, भावाभावांतील जमिनीचा वाद, ही सारी ओझी दिवसा कामाच्या गडबडीत कुठेतरी टेकवलेली असतात. दिवा मालवला की ती एकेक करून परत येतात. घड्याळात एक वाजतो, दोन वाजतात. शेजारी घरातले माणूस शांतपणे घोरत असते आणि जागा असलेला माणूस आढ्याकडे पाहत राहतो. असा भाविक धर्मगुरूकडे येतो तेव्हा 'मला झोप येत नाही' एवढेच सांगून थांबत नाही. तो विचारतो, 'फादर, मी प्रार्थना करतो, तरी काळजी जात नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?' निद्रानाशाच्या दुःखावर अपराधाची ही दुसरी रास रचली जाते. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

ज्याची श्रद्धा दृढ त्याला शांत झोप लागते, या समजुतीला आधार म्हणून मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग नेहमी सांगितला जातो. लाटा होडीत शिरत आहेत, शिष्य घाबरून गेले आहेत आणि प्रभू येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला आहे. पण पवित्र शास्त्रात वादळात झोपलेला आणखी एक माणूस आहे. योना संदेष्टा देवाने सोपविलेली कामगिरी टाळून पळून चालला होता. समुद्र खवळला, खलाशी आपापल्या देवांचा धावा करू लागले आणि योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपी गेला होता. तेव्हा झोप शांत चित्ताची असू शकते, तशीच ती कर्तव्याकडे पाठ फिरविणाऱ्याचीही असू शकते.

त्याच मार्कच्या शुभवर्तमानात पुढे गेथशेमाने बागेची रात्र येते. तेथे चित्र नेमके उलटे आहे. शिष्य झोपले आहेत आणि प्रभू जागा आहे, व्याकूळ आहे, पित्याकडे पुन्हा पुन्हा तीच विनवणी करीत आहे. त्या रात्री जाग्या असलेल्याची श्रद्धा उणी होती, असे कोण म्हणेल? झोपेवरून श्रद्धा मोजू गेलो, तर आपला हिशेब होडीत एक सांगेल आणि बागेत दुसरेच सांगेल. सारांश, झोप ही श्रद्धेची मोजपट्टी नाही. काळजीने जागा राहणारा माणूस पापी नसतो; बहुधा तो कुणावर तरी जिवापाड प्रेम करणारा असतो.

आपल्या मायबोलीने याबाबत एक मोठे शहाणपण जपून ठेवले आहे. 'काळजी' हा एकच शब्द आपण दोन क्रियापदांबरोबर वापरतो. निरोप देताना आपण म्हणतो, 'काळजी घे' आणि लगेच म्हणतो, 'काळजी करू नकोस'. काळजी घेणे हे कृतीचे नाव आहे. आजाऱ्याला औषध देणे, कर्जाचा हप्ता बाजूला काढणे, रुसलेल्या भावाच्या घरी जाणे, ही काळजी घेणे झाले. काळजी करणे म्हणजे हात रिकामे असताना मनाने तेच काम शंभर वेळा करीत राहणे. दोहोंच्या मुळाशी प्रेमच आहे. परंतु पहिल्या प्रेमाला वाट मिळाली आहे, दुसरे जागच्या जागी फिरते आहे. रात्री दोन वाजता बँक बंद असते, दवाखान्यातील अहवाल तयार नसतो, दूरदेशीचा मुलगा कामावर असतो. त्या वेळी काळजी घेता येत नाही, केवळ करता येते. म्हणून जी काळजी घेण्याजोगी आहे, तिला दिवसातच जागा करून दिली पाहिजे.

याचा एक साधा मार्ग आहे. संध्याकाळी जपमाळेपूर्वी किंवा जेवणापूर्वी दहा मिनिटे बसावे आणि मनातील काळज्या वहीत लिहून काढाव्यात. प्रत्येकीपुढे उद्या करण्यासारखे एखादे काम असेल तर तेही लिहावे; काहीच करण्यासारखे नसेल तर तेथे केवळ संबंधित माणसाचे नाव लिहून ते देवाच्या स्वाधीन करावे. २०१८ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. कागदावर उतरलेली गोष्ट मनाला राखत बसावी लागत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेच्या नियमांत सांगितले आहे की मनाच्या उदास अवस्थेत पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. हा नियम मध्यरात्रीलाही लागू करावा. अंधारात केलेला निर्णय उजेडात क्वचितच टिकतो.

दुसरी गोष्ट समजून घेतली पाहिजे, ती झोपेच्या स्वभावाची. शेत नांगरता येते, पत्र लिहिता येते, तशी झोप 'करता' येत नाही. ती 'येते' किंवा 'लागते', असे आपली भाषाच सांगते. आपण प्रयत्न करू लागलो की ती दूर पळते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल म्हणूनच निद्रानाशाच्या रुग्णाला उलटा सल्ला देत, की झोपण्याचा प्रयत्न सोडा, जागे राहण्याचा प्रयत्न करा. धडपड थांबली की भीती ओसरते आणि भीती ओसरली की झोपेला वाट मोकळी होते. या अर्थाने झोप ही कृपेसारखी आहे. ती कमावता येत नाही. तिच्यासाठी दार उघडे ठेवता येते.

दार उघडे ठेवण्याचे उपाय आज वैद्यकशास्त्राने चांगले पारखले आहेत. तासन्‌तास तळमळत पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची मनात गाठ पडते. ती सोडविण्यासाठी रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली काही नियम मांडले. डोळे मिटू लागल्यावरच अंथरुणावर जावे. बराच वेळ झोप आली नाही तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात शांत बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. दिवसा अंथरुणावर लोळू नये. याला आणखी काही गोष्टींची जोड द्यावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, घड्याळ नजरेआड ठेवावे आणि मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर असावा. आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री, असे तीन महिने चालले तर तो जुनाट निद्रानाश समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. शेजारणीकडून मागून आणलेली झोपेची गोळी हा उपचार नव्हे. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना न विचारता एकाएकी बंद करणे हेही धोक्याचे. मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर जवळच्या माणसाला त्याच दिवशी सांगावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

डॉक्टरांकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास, असे कुणी मानू नये. संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात दुःखावरील उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याच पंक्तीत झोप आणि स्नान यांना बसविले आहे. ३८७ साली आई मोनिका वारल्यावर संत ऑगस्टीन स्नानास गेले. त्याने दुःख धुऊन गेले नाही. मात्र झोपून उठल्यावर ते काहीसे हलके झाले, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविले आहे. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि नंतर पुन्हा खाऊ घातले. शरीराची ही विचारपूस देवाचीच आहे.

प्रार्थनेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जपमाळ ही झोपेची गोळी नव्हे. 'आता पन्नास मणी झाले, झोप का नाही?' असा हिशेब सुरू झाला की प्रार्थनाही धडपड होते. उलट प्रार्थना करता करता डोळा लागला तर मन खाऊ नये. लिझ्यूची संत तेरेझा हिलाही प्रार्थनेत झोप येई. मुले जागी असोत वा झोपलेली, आईबापांना ती सारखीच आवडतात, असा विचार करून ती निर्धास्त राही.

एवढ्यावर हा विषय संपत नाही, कारण प्रत्येकाची झोप केवळ त्याच्या हाती नसते. मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी दोन विलक्षण आज्ञा आहेत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीयच्या पुस्तकात आहे. गरिबाचा अंगरखा गहाण घेतला असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावा, असे निर्गमच्या पुस्तकात आहे. कारण तो दुसरे काय अंगावर घेऊन निजणार? परक्याची झोप ही देवाने आपल्या हिशेबात धरली आहे. मग आपण स्वतःला विचारले पाहिजे, की मोलकरणीचा पगार पुढच्या आठवड्यावर ढकलून आपण कुणाची रात्र घेतली? परीक्षेच्या गुणांवरून मुलाला टोचून कुणाच्या उशाशी भीती ठेवली? भावाशी अबोला धरून किती घरांतील दिवे जागते ठेवले? सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, ही संत पौलाची सूचना दोन माणसांच्या झोपेची सोय आहे.

म्हणून ज्याला झोप लागते, त्याने जागणाऱ्याला 'विश्वास ठेव, झोप येईल' असे सांगून कूस बदलू नये. उठून पाणी द्यावे, जवळ बसावे, सकाळी बँकेत किंवा दवाखान्यात त्याच्याबरोबर जावे. आणि जागणाऱ्याने आपल्या जागरणाचा अपराध मानू नये. ख्रिस्तसभा आपल्या रात्रीच्या प्रार्थनेत रोज वृद्ध शिमोनाचे गीत म्हणते. आयुष्यभर वाट पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याने बाळ हातांत घेतले आणि आता मला जाऊ दे, असे देवाला म्हटले. त्या बाळाचे पुढे काय होणार, हे पाहणे त्याच्या वाट्याचे नव्हते. आपल्याही वाट्याची कामे दिवसभर करावीत आणि उरलेली ज्याची आहेत त्याच्याकडे सोपवावीत. झोप लागली तर तिचे दान घ्यावे. नाही लागली, तर गेथशेमाने बागेत जो जागा होता, तो आपल्याही अंथरुणाशी जागा आहे, एवढे मनात धरून पडून राहावे.