तबला कपाटावरच का राहिला?

कराड, रविवार

चि. मुक्ता,


परवा कुडाळला जाऊन आले. तुझ्या खोलीत कपाटावर तबला-डग्गा जुन्या चादरीत गाठोडं करून ठेवलेला दिसला. वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "तिनेच ठेवलाय. म्हणाली, एमबीबीएस झाल्यावर बघू." सांगताना तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी चहा घेऊन गप्प बसले. पण परतीच्या एसटीत तुला काय लिहायचं तेच घोळवत होते.

'झाल्यावर बघू' म्हणजे नक्की कधी, हे एकदा बोटांवर मोज. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मग पीजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, मग तीन वर्षं रेसिडेन्सी, मग लग्नाची घाई कोणाला ना कोणाला असतेच. तुझ्या मनातला तो मोकळा दिवस या यादीत कुठे बसतो, मला तरी सापडला नाही.

माझ्या पेटीची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी चार ठिकाणी नाव घातलं होतं: गॅदरिंगची कमिटी, कॉलेजचं मासिक, ट्रेकिंगचा ग्रुप आणि नाटकाचं पार्श्वसंगीत. कोणाला नाही म्हणता येत नव्हतं, हे त्यातलं खरं कारण. फार्माकॉलॉजीची हजेरी इतकी घसरली की दादाला गावाहून बोलावून घेतलं गेलं. सरांच्या केबिनबाहेर तो हातात टोपी धरून उभा होता, ते अजून आठवतं. त्या रात्री मी सगळं सोडलं, पेटीसकट. चूक कमिट्यांची आणि शिक्षा पेटीला! अकरा वर्षांनी उघडली तेव्हा उंदरांनी भाता कुरतडला होता आणि निम्मे सूर बोलत नव्हते. माझी बोटंही.

आता तुझ्या कामाचं एक सांगते. पुढच्या वर्षी वॉर्डात तुला छाती ठोकून बघायला शिकवतील. डाव्या हाताचं मधलं बोट रोग्याच्या बरगड्यांच्या मधल्या फटीत घट्ट टेकवायचं आणि उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने त्यावर ठोका द्यायचा. हात कोपरातून हलवायचा नाही, मनगटातून सोडायचा. ठोका पडला की बोट लगेच उचलायचं, नाहीतर नाद तिथेच दाबला जातो. निरोगी फुप्फुसावर मोकळा आवाज येतो, उजवीकडे खाली यकृतावर आलं की तो बसतो, आणि छातीत पाणी झालं असेल तर दगडावर ठोकल्यासारखा मुका होतो. आमच्या बॅचमधली निम्मी मुलं महिनाभर रोग्याला नुसतीच बडवत होती. एकालाच पहिल्या दिवशी जमलं, तो तबला वाजवायचा. खुला बोल आणि बंद बोल यांतला फरक ज्याच्या बोटांना माहीत आहे, त्याला आणखी काय शिकवायचं?

ही पद्धत 1761 मध्ये व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी पुस्तकात मांडली. त्यांच्या वडिलांची खानावळ होती. पिंपात दारू कुठवर आहे ते वडिलांना ठोकून बघताना पोराने पाहिलं होतं, असं सांगतात. हे गृहस्थ संगीतातले दर्दी होते, एका ऑपेराची संहिताही त्यांनी लिहिली. आणि 1816 मध्ये स्टेथोस्कोप काढणारे लायनेक बासरी वाजवायचे.

पण थांब. हे वाचून तू आईला 'तबल्याने क्लिनिकल सुधारतं' असं पटवायला जाशील, ते मला नको आहे. छंदाला उपयोगाचं सर्टिफिकेट मागायला लागलं की तो अभ्यासाचा आणखी एक विषय होतो. डिसेक्शन हॉलमधून आल्यावर तीनदा साबण लावूनही बोटांना फॉर्मलिनचा वास राहतो. त्या बोटांनी संध्याकाळी वीस मिनिटं एखादा कायदा वाजवला, पलटे केले, एवढंच. व्हायवात त्याला कोणी मार्क देणार नाही, आणि ते बरंच आहे.

तू गेलीस तरी कुठे, तर मिरजेला! अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने गाणंबजावणं होतं, मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात. पलुस्करांनी 1931 मध्ये याच गावात देह ठेवला. सतारमेकर गल्लीत एकदा दुपारी जाऊन ये. वाळवलेले भोपळे टांगलेले असतात, आत कोणी कान लावून तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला असतो, तासन्‌तास. अशा गावात मध्यमा पूर्ण झालेली मुलगी तबला घरी ठेवून येते, याला काय म्हणावं!

क्लबांबद्दल. फ्रेशर्सनंतर सीनियर्स फॉर्म घेऊन खोलीवर येतील: आर्ट सर्कल, क्विझ, रिसर्च, राष्ट्रीय सेवा योजना. यातलं एकच घे. घेण्याआधी विचार की टर्मिनल परीक्षेच्या आठवड्यात तालमी असतात का. 'असतात, पण जमवतो आपण' असं उत्तर आलं तर हसून निघून ये. पहिल्या वर्षी कुठलंही पद नको, खजिनदाराचं तर मुळीच नको. जाहिरातींची फाईल घेऊन मेडिकल स्टोअरच्या पायऱ्या झिजवणं याला छंद म्हणत नाहीत. हजेरी थिअरीला 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80, हा हिशेब दर महिन्याला स्वतः वहीत मांड, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. आणि शक्य झालं तर कॉलेजबाहेरच्या एखाद्या गुरुजींकडे रविवारचा तास लाव. तिथे तुला कोणी 'डॉक्टर' म्हणणार नाही, लय सुटली की सगळ्यांदेखत बोलणी बसतील. आठवडाभर मार्कांवरून ओळखल्या जाणाऱ्या पोरीला ती बोलणी फार सुखाची वाटतात.

वहिनीची भीती वेगळी आहे. तिच्या डोक्यात डॉ. लागू आहेत. कान-नाक-घशाचे सर्जन, आणि 1969 मध्ये प्रॅक्टिस सोडून रंगभूमीवर गेले. तिला मी म्हटलं, अगं, जब्बार पटेल आणि मोहन आगाशेही डॉक्टरच, 'घाशीराम' नाटक करूनही आगाशे मानसोपचार शिकवत राहिले. आणि 1963 पासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत मेडिकलची किती पोरं रंग लावून उभी राहिली असतील! त्यांतली बहुतेक आज गावोगाव बीपी तपासत बसली असणार. तिला पटलं नाही. पण गाठोडं उचलताना अडवलं नाही तिने.

तर तबला-डग्गा आता माझ्याकडे आहे. कोकणातल्या दमट हवेने तबला उतरलाय, दोन गट्टे सैल आहेत. डग्ग्याची शाई मात्र शाबूत आहे. पुढच्या शनिवारी मिरजेला येते. हॉस्टेलवर रात्री वाजवायचा तर वर जाड पंचा टाक, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलींना आधी विचार. हातोडी काही सापडली नाही, ती गल्लीतून घेऊ.

तुझी,
आत्या