ती आता खाली झोपते

बसा.

तुमची मांजरी झोपली आहे तिथेच, थोडं अंतर ठेवून, जमिनीवर बसा. खुर्ची नको. तिच्या उंचीवर या.

मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू दे. पंखा कुरकुरतोय, कुरकुरू दे. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय, ओरडू दे.

तिला हाक मारू नका. हात लावू नका. नुसतं बघा.

तिची कूस वर येते. खाली जाते.

पुन्हा वर येते.

श्वास सुटल्यावर, पुढचा येण्याआधी, मधे एक लहानसा थांबा आहे. दिसतो का? नसेल दिसत तर बघत राहा. आपल्याला कुठे जायचं नाही.

*

आता ती कुठे झोपली आहे ते बघा.

दाराजवळच्या पायपुसण्यावर.

सावकाश मान उचला. लोखंडी कपाटाच्या माथ्याकडे बघा. तिथे तिच्यासाठी घातलेली जुनी चादर अजून आहे. चादरीत एक गोल खळगा आहे, तिच्या अंगाचा. खळग्यात धूळ बसली आहे.

ती वर जायची कधी थांबली?

उत्तराच्या मागे लागू नका. प्रश्न इथेच असू दे, तिच्या शेजारी.

परत कुशीकडे या. वर. खाली.

*

जागा बदलणं ही मांजराची रीतच आहे.

वैशाखात ती मोरीजवळच्या गार फरशीवर पसरते, पोट टेकवून, पाय लांब करून. आषाढात सुकून आलेल्या कपड्यांच्या ढिगात शिरते. थंडीत रात्री गोधडीत येते आणि तुमच्या पोटरीला पाठ लावते. तिचं अंग आपल्याहून थोडं गरम, 38 ते 39 अंश. तेवढीच ऊब राखायला ती घरभर फिरते. खिडकीतलं ऊन सरकतं, तशी तीही सरकते.

हे बदल ऋतूंचे आहेत. ते येऊ द्यावेत, जाऊ द्यावेत.

कपाटावर मात्र ती बारा महिने जायची.

*

थांबा जरा. तिच्या मिशांकडे बघा.

मिशा थरथरतात. पंजाची बोटं हलतात. मिटल्या पापणीखाली डोळा फिरतो.

1959 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जुवे नावाच्या शास्त्रज्ञाने मांजरांच्या झोपेतली ही अवस्था टिपली. मेंदू जागेपणीसारखा चालू, आणि अंग पूर्ण सैल. त्याने तिला विरोधाभासी झोप म्हटलं. ते प्रयोग मांजरांना सुखाचे नव्हते. ज्यांच्यामुळे हे कळलं, त्या मुक्या जिवांनाही क्षणभर आठवूया.

एक श्वास त्यांच्यासाठी.

मिशा आता शांत झाल्या.

*

मोठं मांजर दिवसाचे 12 ते 16 तास झोपतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याचं अंग जागं होतं. शिकारीची वेळ ती. त्यामुळे ती एरवी खूप झोपते यात नवल नाही.

बघायचं ते वेगळं. तिची स्वतःची झोप कशी होती, आणि आज कशी आहे.

ते तुम्हालाच ठाऊक आहे. तुमच्याइतकं जवळून तिला दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. आठवा. घाई न करता आठवा. कुठल्या कुशीवर झोपायची? नाक शेपटीत खुपसून मुटकुळं करायची? पाठीवर लोळून पोट उघडं टाकायची?

आणि आता?

चारही पंजे अंगाखाली घेतलेले, पाठ किंचित उचललेली, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. अशी ती बराच वेळ बसून असते का? लांबून वाटतं डुलकी लागली आहे. अंग सैल आहे का, तेवढं बघा. खांद्यापाशी बघा. मांजर दुखणं लपवतं, आणि लपवताना बसण्याची अशीच तऱ्हा धरतं. तशात ते घुरघुरतंसुद्धा. घुरघुर ऐकून लगेच निश्चिंत होऊ नका. थोडं जास्त ऐका.

*

घरात एक वाक्य बोललं जातं. "म्हातारी झाली आता."

मायेनेच बोललं जातं. पण ते बोललं की बघणं थांबतं. मला त्या वाक्याची भीती वाटते.

2002 साली अमेरिकेत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर सहसा लंगडून दाखवत नाही. ते उडी मारायचं सोडतं. उंच जागा सोडतं. आधी कपाट, मग खिडकी, मग पलंग.

आणि पायपुसण्यावर येऊन झोपतं.

सांधेदुखीवर उपचार आहेत. म्हातारपण म्हणून सोडून दिलेलं दुखणं पुष्कळ कमी करता येतं.

परत कुशीकडे या. वर. खाली. तिच्याबरोबर तुम्हीही.

*

रात्रीचंही ऐका. दिवसभर पडून राहणारी मांजरी मध्यरात्री घरभर फिरते आहे का? रिकाम्या भिंतीकडे तोंड करून लांब सुरात ओरडते आहे का? खाणं वाढलं आणि अंग उतरत चाललं, तर ते थायरॉईडचं असू शकतं. पाणी जास्त पिऊ लागली, तर मूत्रपिंडाचं. कधी रक्तदाब, कधी नुसतं दिवस-रात्रीचं भान सुटणं. आपल्याला निदान करायचं नाही. जे दिसलं, जे ऐकलं, ते तारखेसकट एका वहीत लिहायचं आणि डॉक्टरांपुढे ठेवायचं.

पलंगाशी एक बुटका चौरंग ठेवा. त्यावर गोणपाट घाला, पंजा घसरू नये म्हणून. तिला उचलून वर ठेवू नका. चौरंग ठेवा आणि बाजूला व्हा.

ती चढेल किंवा चढणार नाही.

*

आता शेवटचं. घड्याळ जवळ घ्या.

तिच्या मिशा शांत आहेत, अंग स्थिर आहे. ती गाढ झोपेत आहे.

कूस वर आली, खाली गेली. एक.

वर, खाली. दोन.

पूर्ण मिनिटभर मोजा. मधे मन दुसरीकडे गेलं तर परत पहिल्यापासून.

आकडा वहीत लिहा. उद्याही लिहा, परवाही.

निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला 30 च्या आत असतात. ते पुन्हा पुन्हा 30 च्या वर जाऊ लागले, तर आठवड्याची सुट्टी, सवडीचा दिवस असलं काही बघू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. तोंड उघडून श्वास घेत असेल तर तत्काळ निघा. आणि दुखतंय म्हणून घरातली तापाची गोळी तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.