व्याजात परत येणारं मुद्दल

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनू,


ब्रोकरकडून आलेल्या फॉर्म १०९९-आयएनटीचा फोटो मिळाला. पहिल्या चौकटीत ५०० डॉलर व्याज, अकराव्या चौकटीत १८३.०३ डॉलर बाँड प्रीमियम, आणि या दुसऱ्या रकमेचं काय करायचं, हा तुझा प्रश्न. सॉफ्टवेअर बघून घेईल म्हणून सोडून देऊ नकोस. पहिल्या वर्षी हा हिशेब स्वतःच्या हाताने कर, पुढची सगळी वर्षं सोपी जातील.

तू जानेवारीच्या सुरुवातीला १०,००० डॉलर दर्शनी किमतीचा, ५ टक्क्यांचा, तीन वर्षांच्या मुदतीचा बाँड १०,५६५.७२ डॉलर मोजून घेतलास. त्या वेळी बाजारात तशा बाँडवर ३ टक्केच सुटत होते, म्हणून विकणाऱ्याने वरचे ५६५.७२ डॉलर मागितले. हाच प्रीमियम. मुदत संपली की तुला मिळणार १०,०००च. मग हे जादा दिलेले पैसे परत येतात कसे? दरवर्षीच्या ५०० डॉलरमधूनच येतात. त्यातला काही भाग तुझं स्वतःचं मुद्दल असतं, आणि मुद्दलावर प्राप्तिकर भरायचं काहीच कारण नाही.

हा भाग किती, हे काढताना ५६५.७२ला तीनने भागून दरवर्षी १८८.५७ लिहायचा मोह होतो. तसं चालत नाही. २७ सप्टेंबर १९८५ नंतर निघालेल्या बाँडना स्थिर यील्डची पद्धत लागते. ती अशी : बाँडची खरेदी किंमत घे, तिला तुझ्या यील्डने, म्हणजे खरेदीच्या वेळी बाजारात सुटणाऱ्या त्या ३ टक्क्यांनी गुण. १०,५६५.७२चे ३ टक्के ३१६.९७. हे तुझं खरं व्याज. हातात आले ५००, फरक १८३.०३, तोच पहिल्या वर्षाचा प्रीमियम. आता खरेदी किमतीतून तो वजा कर, उरले १०,३८२.६९. दुसऱ्या वर्षी याचे ३ टक्के ३११.४८, प्रीमियम १८८.५२. तिसऱ्या वर्षी १९४.१७, आणि किंमत बरोबर १०,०००वर येऊन थांबते. शेवटी ती दर्शनी किमतीला टेकली नाही, तर मधे कुठेतरी चूक झाली म्हणून समज. तुझा बाँड वर्षातून एकदा व्याज देतो. बहुतेक अमेरिकी बाँड दर सहा महिन्यांनी देतात, तिथे हेच गणित सहामाहीने मांडायचं.

रिटर्नमध्ये हे शेड्यूल बीवर जातं. व्याजाच्या यादीत पूर्ण ५०० लिही, बेरीज कर, तिच्याखाली ‘एबीपी ॲडजस्टमेंट’ (एबीपी म्हणजे दरवर्षी उतरवायचा बाँड प्रीमियम) असं लिहून १८३.०३ वजा कर. एकूण व्याज १,५०० डॉलरच्या आत असलं तरी ही वजावट घेणाऱ्याला शेड्यूल बी जोडावंच लागतं. काही ब्रोकर मात्र पहिल्या चौकटीतच निव्वळ ३१६.९७ छापतात आणि अकरावी रिकामी ठेवतात. तिथे पुन्हा वजा केलंस तर ती सरळ चूक होईल. म्हणून आधी चौकट बघ. ट्रेझरी बाँडचा प्रीमियम बाराव्या चौकटीत येतो. त्याचं व्याज तुझ्या कॅलिफोर्नियाच्या राज्य-करातून सुटतं, पण तिथे वगळायचं ते प्रीमियम कमी करून उरलेलं निव्वळ व्याज.

करपात्र बाँडवर ही वजावट घेणं ऐच्छिक आहे. नाही घेतलीस तर दरवर्षी पूर्ण ५०० वर कर भर, आणि मुदतीअखेर ५६५.७२चा भांडवली तोटा दाखव. असा तोटा भांडवली नफ्यापेक्षा जास्त असेल तर इतर उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वजा होतो. माझं स्पष्ट मत : वजावट घे. पण निर्णय विचाराने कर, कारण एकदा पर्याय निवडलास की तुझ्याकडचे आणि पुढे घेशील ते सगळे करपात्र बाँड त्यात येतात, आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर-खात्याच्या, परवानगीशिवाय मागे फिरता येत नाही. पहिल्या वर्षी रिटर्नसोबत तसं निवेदनही जोडायचं असतं. तू लेखी काही कळवलं नाहीस तर ब्रोकर तू पर्याय निवडला आहेस असंच धरून चालतो.

म्युनिसिपल बाँडचं वेगळं. तिथे पर्याय नाहीच. प्रीमियम दरवर्षी उतरवावाच लागतो आणि कराची वजावट मात्र मिळत नाही, कारण व्याज आधीच करमुक्त आहे. तेराव्या चौकटीतला आकडा करमुक्त व्याजातून वजा करून निव्वळ रक्कम फॉर्म १०४०च्या २ए ओळीवर लिही. तुझ्या सासऱ्यांना हे नक्की सांग. सोशल सिक्युरिटीच्या किती रकमेवर कर लागेल, हे ठरवताना ती ओळही मोजली जाते.

दोन व्याज-तारखांच्या मधे बाँड घेतलास, तर विकणाऱ्याला त्याचं साचलेलं व्याज द्यावं लागतं. ते प्रीमियममध्ये मिसळू नकोस. शेड्यूल बीवर त्याची वजावट ‘ॲक्रूड इंटरेस्ट’ म्हणून वेगळ्या ओळीवर असते.

आणि एक गोष्ट मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. वजा केलेला प्रत्येक डॉलर बाँडच्या बेसिसमधून, म्हणजे करासाठी धरायच्या खरेदी किमतीतून, कमी होतो. वर्षभरानंतर बाँड १०,४०० ला विकलास, तर १०,५६५.७२ धरून तोटा दाखवता येणार नाही. बेसिस आता १०,३८२.६९ आहे, म्हणजे १७.३१ डॉलर नफा झाला. लोक रिटर्नमध्ये व्याजाचे आकडे जपून भरतात आणि विक्रीच्या वर्षी जुनी खरेदी-पावती काढून बसतात.

तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक बाँडचा वर्षअखेरचा बेसिस वहीत उतरवून ठेव, आणि ब्रोकरच्या स्टेटमेंटची सगळी पानं मला पाठव. रिटर्नच्या शेवटच्या तारखेची, १५ एप्रिलची वाट बघू नकोस.

तुझा,
मामा