दप्तर आणि साक्ष

शिवकालात आणि पुढे पेशवाईत वतनाचा किंवा हद्दीचा तंटा उभा राहिला, आणि पक्षकारांजवळच्या सनदा आगीत जळाल्या, पुरात वाहून गेल्या किंवा परचक्राच्या धामधुमीत गहाळ झाल्या असे निष्पन्न झाले, तरी तेवढ्यावरून त्यांचा हक्क बुडाला असे कोणी मानीत नसे. गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदार एकत्र येत, देवाला आणि पूर्वजांना स्मरून जे ठाऊक असेल ते सांगत, आणि त्या साक्षींवरून जो महजर होई त्याला पुढच्या पिढ्या सनदेइतकेच मोल देत. शिवेच्या तंट्यात तर, ज्याला गावाने आपल्या उतरंडीच्या तळाशी बसविले होते त्या महाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई. कागद हा हक्काचा पुरावा होय, हक्क नव्हे, एवढा विवेक त्या व्यवहारात होता.

हा जुना न्यायव्यवहार आठवण्याचे कारण असे, की मनुष्य ज्याला ‘मी’ म्हणतो त्या मिळकतीवरही एक दिवस असाच दावा लागू शकतो. या मिळकतीची सनद म्हणजे आपली स्मृती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2013 सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. चक्रपाणी शास्त्री नावाचे संस्कृतचे प्रकांड पंडित आहेत. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. ज्या विद्येत पाठांतर हाच पाया, त्या विद्येचा हा उपासक अल्झायमरच्या विकाराने हळूहळू सर्व काही विसरत चालला आहे, आणि एके दिवशी मोटारीत बसलेला असताना रस्त्याने जाणारा हत्ती पाहून तो लहान मुलासारखा त्याच्या मागोमाग निघून जातो. मुलगी इरा शहरभर शोधते आहे. पण ती ज्याला शोधते आहे तो मनुष्य नेमका कोण, हाच खरा प्रश्न आहे. स्मृतीचे दप्तर जळून गेल्यावर मिळकत शिल्लक राहते काय?

आपल्या दर्शनकारांपुढे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता, आणि गंमत अशी की आत्मा मानणाऱ्यांनी त्याच्या सिद्धीसाठी बऱ्याच अंशी स्मृतीचाच आधार घेतला. डोळ्यांनी पाहिलेले फळ हातात घेतल्यावर ‘जे पाहिले तेच हे’ अशी जी ओळख पटते, ती पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच असल्यावाचून पटणार नाही, असे नैयायिकांचे म्हणणे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य क्षणिकवादी बौद्धांचे खंडन करतात ते याच बळावर: काल अनुभव घेणारा आणि आज तो आठवणारा हे दोघे भिन्न असतील, तर आठवण हा शब्दच निरर्थक ठरेल. बौद्धांना अशा कायम मालकाची गरज वाटत नव्हती. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत जशी एकही नव्हे आणि वेगळीही नव्हे, तसा मनुष्य, असे नागसेनाने मिलिंद राजाला समजावून दिले. पतंजलीने तर स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींत बसवून, ज्यांचा निरोध करावयाचा त्यांच्या यादीतच तिचे नाव दाखल केले.

या तिन्ही मतांपैकी कोणतेही मत शास्त्र्यांच्या घरी नेऊन ठेवले, तरी इराच्या मनाचे समाधान होणार नाही. दप्तर जळाले तरी आत्म्याची जमीन जागच्या जागी आहे, असे वेदान्ती तिला सांगेल. परंतु ती जमीन कोणाची, हे सांगण्यास जमीन स्वतः असमर्थ असते. ज्योत बदलतच असते हे बौद्धाचे वचन खरे मानले, तरी वडिलांनी आपल्याला ओळखू नये हे दुःख त्याने उणे होत नाही. आणि वृत्तींचा निरोध योग्याने स्वेच्छेने व अभ्यासाने साधलेला असतो. रोगाने स्मृती हिरावून नेली तर त्याला योग म्हणणे ही जप्तीला दानधर्म म्हणण्यासारखी थट्टा होईल.

कागद नाही, आणि जमीन बोलत नाही; मग उरतो तो साक्षीदार. सुमित्राबाईंची सारी कारकीर्द या साक्षीदाराच्या शोधात गेली, असे मला वाटते. 1943 साली पुण्यात जन्मलेल्या या बाई मुळात चित्रपटवाल्या नव्हेत. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले, वस्तीतल्या कष्टकरी स्त्रियांच्या जीवनावर संशोधन केले. परंतु ज्या स्त्रियांविषयी अहवाल लिहावयाचा त्यांनाच तो वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येतो त्यांच्या कपाटात तो दप्तर होऊन पडतो, ही विसंगती त्यांना सोसवेना. म्हणून चित्रपटाचे कसलेही औपचारिक शिक्षण नसताना त्यांनी 1985 साली ‘बाई’ हा लघुपट केला. नोंदीने जे साधत नव्हते, ते त्यांनी प्रत्यक्ष समोर उभे करून साधले. ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ हे त्यांचे पुढचे चित्रपट त्याच रस्त्याने गेले. दप्तरातून साक्षीकडे झालेला हा प्रवास ‘अस्तु’मध्ये सर्वांत खोल जातो.

कारण येथे साक्षीदार दोन आहेत, आणि दोघींच्या साक्षी अगदी भिन्न आहेत. इराजवळ वडिलांचे चरित्र आहे: त्यांची विद्वत्ता, त्यांचे पाठांतर, त्यांचे गुण आणि दोषही. तिची साक्ष म्हणजे ‘हे पूर्वी कोण होते’ याची साक्ष. दुसरी स्त्री चन्नम्मा; हत्ती घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माहुताची कानडी बोलणारी बायको. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी, आणि सुमित्राबाईंना संवादलेखनासाठी, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला या म्हाताऱ्याचे नाव ठाऊक नाही, त्याची भाषा धड उमगत नाही, त्याच्या पांडित्याशी तिला कर्तव्य नाही. घरात दारिद्र्य आहे आणि नवऱ्याची कुरबुर आहे. तरीही तो म्हातारा तिच्या ठिकाणी आई पाहतो, आणि ती बाई आई होते. ‘हा पूर्वी कोण होता’ हे तिला सांगता येणार नाही; ‘हा आत्ता कोणीतरी आहे’ एवढेच ती सांगते, आणि तेही शब्दांनी नव्हे, त्याला जेवू घालून, निजवून सांगते. शिवेच्या तंट्यात उतरंडीच्या तळच्या माणसाचा शब्द जसा वजनदार ठरे, तशीच या महजरावर चन्नम्माची निशाणी सर्वांत मोलाची ठरते. कारण जिला ओळखीचा आधार नाही, तिने दिलेली मान्यता निव्वळ माणूसपणाला दिलेली असते.

यावर एक आक्षेप संभवतो. माणसाचे माणूसपण दुसऱ्याच्या साक्षीवर ठेवले, तर ज्याला साक्षीदारच लाभला नाही तो कोणीच नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच चन्नम्मा या कथेत आवश्यक आहे. साक्ष देण्यास आधीची ओळख लागत नाही हे तिने सिद्ध केल्यावर, वाटेवर भेटणाऱ्या कोणालाही ‘मला हा माहीत नाही’ असे म्हणून साक्षीचे समन्स परत करता येत नाही. सुमित्राबाई आणि सुकथनकर यांच्याच ‘कासव’ चित्रपटात जानकी एका खचलेल्या, अनोळखी तरुणाला आसरा देते ती याच न्यायाने.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आत्म्याच्या अमरत्वावर वाद घालणाऱ्या सभांत म्हाताऱ्याचे कपडे कोणी बदलावयाचे हा प्रश्न कधी निघाला नाही. तो इराच्या आणि चन्नम्माच्या वाट्याला आला. समाजशास्त्रज्ञ असलेल्या सुमित्राबाईंनी हा हिशेब नजरेआड केलेला नाही. इरा थकते, चिडते, स्वतःला अपराधी मानते. सेवा ही गोड भावना नसून रोजची वेठ आहे, आणि ती बहुधा स्त्रियांच्या माथी बसते, हे मान्य केल्यानंतरच तिला धर्म म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.

सुमित्राबाईंचा ‘दिठी’ हा चित्रपट याच प्रश्नाची उलट बाजू दाखवितो. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरच्या या चित्रपटात रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात गेला आहे. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या या वारकऱ्याला विसरावयाचे आहे आणि विसरता येत नाही. अडलेल्या गाईला सोडविण्यासाठी त्याला बोलावणे येते, आणि पोथीतून न मिळालेला दिलासा त्याला त्या कामात सापडतो. म्हणजे आठवण जाण्याचे दुःख असो की आठवण न जाण्याचे, बाईंनी त्याचे उत्तर सिद्धान्तात न शोधता हातात शोधले. एप्रिल 2021 मध्ये त्या गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात ‘दिठी’ प्रेक्षकांपुढे आला.

संस्कृतात ‘अस्ति’ म्हणजे आहे, आणि ‘अस्तु’ म्हणजे असो, असू दे. आस्तिक आणि नास्तिक हे शब्द ‘अस्ति’वरून निघाले, आणि आपले दार्शनिक कलह त्या एका क्रियापदाभोवती शतकानुशतके फिरले. आत्मा आहे की नाही, हा त्यांचा वाद. सुमित्राबाईंनी चित्रपटाला नाव देताना धातू तोच ठेवला आणि रूप बदलले. आहे की नाही याचा निवाडा पंडितांनी करावा. हा असू दे, असे म्हणणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे. म्हणून घरातल्या वृद्धाने पाचव्यांदा आपले नाव विचारले, तर चिडून ‘आत्ताच सांगितले ना’ असे म्हणू नये. पाचव्यांदा नाव सांगावे, आणि त्यांचे नावही त्यांना सांगावे.