जाळे आणि जोडणी

चेतासंस्था म्हणजे एक सलग जाळे, असे कामिल्लो गोल्जी मानत. चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची रीत 1873 मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केली. सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच रीत प्राण्यांच्या डोळ्यांवर वापरली आणि नेमके उलटे सांगितले: प्रत्येक पेशी सुटी, दुसरीला भिडते, तिच्यात मिसळत नाही. 1906 चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी गोल्जी आपल्या व्याख्यानात काहालांच्या मताविरुद्धच बोलले.

माणसाच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे 12 कोटी, आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम 10 ते 12 लाख. या तफावतीपाशी मी दर वेळी थबकतो. काय पुढे पाठवायचे आणि काय गाळायचे, याचा निवाडा डोळ्यातच होतो. मग तो करते कोण?

1965 मध्ये होरेस बार्लो आणि विल्यम लेव्हिक यांनी सशाच्या दृष्टिपटलातल्या काही पेशींचा अभ्यास मांडला. ठिपका एका दिशेने सरकला की त्या पेटून उठत, उलट सरकला की गप्प. त्यांचा तर्क असा, की नको असलेल्या दिशेकडून कोणीतरी त्यांना आधीच दाबते. ते कोण, हे पाहायची सोय नव्हती. पुढे संशय दृष्टिपटलातल्याच स्टारबर्स्ट अमॅक्राइन नावाच्या पेशीवर गेला. पण ती चांदणीसारखी, चहूबाजूंनी सारखी. तिच्यातून दिशा कशी उमटणार?

उत्तर 2011 मध्ये आले. ब्रिगमन, हेल्मश्टेटर आणि डेंक यांनी उंदराच्या दृष्टिपटलाचे अतिसूक्ष्म काप घेऊन पेशींच्या एकेका फांदीचा माग काढला. पेशी गोलच होती. फरक तिच्या जोडण्यांत होता. दिशा ओळखणारी प्रत्येक पेशी, आपल्या नावडत्या दिशेकडे वळलेल्या फांद्यांशीच प्रामुख्याने जोडलेली. बार्लो तेव्हा नव्वदीला टेकले होते.

मधल्या काळात जाळ्यांचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. 1998 मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी 302 चेतापेशींच्या कृमीत आणि वीजवाहिन्यांत एकच घडण दाखवली. वर्षभराने बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी, ज्याला जोड जास्त त्यालाच नवे जोड मिळतात, हा नियम मांडला. तो मला पटतो. हिंगोली–परभणी रस्त्यावरचे आमचे जवळा बाजार आसपासच्या खेड्यांचा माल ओढते, ते याच न्यायाने. पण कोणत्या खेड्याची हळद कोणत्या आडतीवर उतरते, हे त्या नियमातून कळत नाही. आणि दृष्टिपटलात सगळे काम त्या ‘कोणत्या’वरच चालते. म्हणून सर्वसाधारण नियमांपेक्षा मला डेंक यांच्या गटाची चिकाटी मोलाची वाटते.

नुसता नकाशाही पुरत नाही. त्या कृमीची संपूर्ण जोडणी 1986 पासून हाती आहे, तरी तो पुढच्या क्षणी काय करील हे तिच्यावरून सांगता येत नाही. जोड किती बळकट, कोणते रसायन कधी झिरपते, हे रेषांत दिसत नाही. 2011 चा नकाशा बोलला, कारण बार्लोंचा प्रश्न आधीपासून वाट पाहत होता.

उलटेही घडते, नकाशा आधी आणि प्रश्न नंतर, हे मान्य केले पाहिजे. 2013 मध्ये कापांच्या याच पद्धतीने, दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या मदतीने, उंदराच्या दृष्टिपटलातल्या 950 चेतापेशींचे परस्परसंबंध मांडले गेले, तेव्हा त्यांत द्विध्रुवी पेशीचा एक नवाच प्रकार सापडला.