वाड्याबाहेरचे निळूभाऊ

मिमिक्रीवाल्यांनी निळू फुल्यांचं फार नुकसान केलं आहे. मान तिरकी केली, आवाज घोगरा काढला, वाड्यावर बोलावणारं एक वाक्य टाकलं, की झाले निळूभाऊ. निदान कल्याणजवळच्या मोहन्यासारख्या कामगारवस्तीने तरी त्यांना एवढ्यावर सोडू नये.

१९७५चा ‘सामना’ पुन्हा पाहावा. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला होता. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील गावात आलेल्या दारुड्या मास्तरला ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपलं साम्राज्य कौतुकाने दाखवतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. ते मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत राहतात आणि पाटलाच्या पाहुणचाराखालचं भय हळूहळू वर येतं. निळूभाऊंचा पाटील आधी आवडायला लागतो आणि मग आपल्याला तो आवडला याचीच लाज वाटते. खलनायक रंगवणारे पुष्कळ झाले. सत्ता किती अगत्यशील असू शकते हे दाखवणारे थोडे.

हे त्यांना कुठून साधलं? पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत, आणि संध्याकाळ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हा वग गाजला, १९६८मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ आला. हुकूम सोडणाऱ्यांचा रुबाब खाली उभं राहून जसा दिसतो तसा वरून दिसत नाही. मार्लन ब्रँडोला ‘गॉडफादर’मधल्या हलक्या आवाजाच्या डॉनसाठी ऑस्कर जाहीर झालं, ते त्याने १९७३मध्ये नाकारलं, त्याच्यामागे न्यूयॉर्कची अभिनयशाळा होती. इथे कनातीपुढचा प्रेक्षक होता, आणि तो कंटाळला की लगेच कळवतो.

त्यांनी साचेबंद सरपंचही ढिगाने केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोट आणि मागणी दोन्ही होतं. पण त्याच माणसाने १९७२मध्ये ‘सखाराम बाइंडर’ उभा केला. छापखान्यात राबणारा, घरात मात्र स्वतःच मालक झालेला हा कामगार बघताना कष्टकऱ्यांच्या बाजूचा प्रेक्षकही अवघडतो. तो अवघडावा यातच त्या भूमिकेचा प्रामाणिकपणा आहे.

१९९१मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचा होता. त्यासाठी लागूंसह निळूभाऊ अत्र्यांच्या त्या जुन्या नाटकात उभे राहिले.

१३ जुलै २००९ला ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोहन्याच्या एनआरसीत टाळेबंदी झाली. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची गरज नाही. पण रेयॉनच्या त्या कारखान्यावर जगलेल्या घरांना पुढे थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि अशा झगड्यात आरडाओरडा करणारा पाटील कुणाला भेटत नाही. भेटतात ती तारखा, अर्ज, नम्र उत्तरं. ‘सिंहासन’ चित्रपटातला दिगू टिपणीस या वस्तीला जवळचा वाटावा, तो म्हणूनच. मंत्री, दलाल, कामगार पुढारी डिकास्टा, सगळ्यांच्या खोल्यांतून हा पत्रकार फिरतो. त्याला सगळं कळत जातं, आणि कळण्याचा उपयोग शून्य. निळूभाऊंनी तो कुठलाही रुबाब न करता केला आहे. शेवटी वेडा होईपर्यंत दिगू जवळजवळ फक्त ऐकत असतो.